इंद्रायणीत बुडालेली खते



भाविक वाचकहो, ऋण हा शब्द आपल्याला नवा नाही. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे शास्त्राने सांगितली. पुंडलिकाच्या सेवेने पांडुरंगच ऋणी झाला आणि विटेवर उभा राहिला, असे आपण कीर्तनातून ऐकत आलो. आजचा विषय मात्र पोथीतल्या ऋणाचा नाही. तो घरातल्या ऋणाचा आहे. गावातला मुलगा पुण्याला किंवा ठाण्याला नोकरीला जातो. पगार बरा असतो, खिशात तीन-चार क्रेडिट कार्डे असतात. एका कार्डाचे देणे दुसऱ्या कार्डातून फेडता फेडता आकडा लाखांत जातो. माळकरी आईबापांना यातले काही ठाऊक नसते. फोन वाजला की तो उठून बाहेर जातो, एवढेच त्यांना दिसते. अशा मुलाला एखादा प्रेमळ माणूस सांगतो, "चिंता करू नकोस बाळा, तुकोबांनी नाही का सगळे कागद इंद्रायणीत बुडवले!" सांगणाऱ्याचा भाव चांगला असतो, पण कथा अर्धीच सांगितली जाते. अर्धी कथा अर्ध्या औषधासारखी असते. म्हणून आज ती पूर्ण पाहू आणि तिच्यापासून आजच्या कार्डापर्यंतची वाट चालून जाऊ.

देहूच्या मोऱ्यांच्या घरात महाजनकी होती, व्यापार होता आणि सावकारीही होती. तुकोबा कोवळ्या वयातच या प्रपंचात पडले. शके 1552 च्या सुमारास, म्हणजे इ.स. 1630-31 मध्ये, दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. त्यात द्रव्य गेले, मान गेला, पहिली पत्नी रखुमाई अन्नान्न करीत गेली. व्यापाराचे दिवाळे वाजले. हे महाराजांनी आपल्या आत्मनिवेदनपर अभंगांत स्वतःच सांगून ठेवले आहे. कर्जाने माणसाचे तोंड कसे उतरते, हे त्यांनी घरात बसून पाहिले होते.

पुढची कथा ताहराबादच्या महिपतींनी लिहून ठेवली. विरक्ती दृढ झाल्यावर तुकोबांनी लोकांकडून येणे असलेली खते बाहेर काढली आणि इंद्रायणीत सोडायचे ठरवले. तेव्हा धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, "तुम्ही साधू झालात, पण माझा प्रपंच आहे." तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबांची वाटणी त्यांच्या हाती दिली आणि आपल्या वाटणीची खते तेवढी डोहात सोडली.

येथे क्षणभर थांबावे. बुडाली ती येण्याची खते होती, देण्याची नव्हती. तुकोबा या व्यवहारात धनको होते. आपला हक्क त्यांनी आपल्या हाताने सोडला. दुसऱ्याचा हक्क, मग तो सख्ख्या भावाचा का असेना, त्यांनी सोडला नाही. म्हणून ऋणकोने या कथेचा आधार घेऊन "माझेही कागद पाण्यात गेले" असे म्हणणे कथेला धरून नाही. देणाऱ्याने कागद बुडवला तर ते औदार्य ठरते. घेणाऱ्याने बुडवला तर तो नुसता डोळे मिटून घेण्याचा प्रकार होतो.

दुसरी कथा याहून कमी सांगितली जाते. व्यापार पुन्हा उभा राहावा म्हणून जिजाईंनी स्वतःच्या नावाने खत लिहून दिले आणि 200 रुपये कर्जाऊ आणून तुकोबांना दिले. व्यापारात नफा झाला. परतीच्या वाटेवर कर्जापायी छळ सोसणारा एक माणूस भेटला आणि महाराजांनी जवळचे सारे द्रव्य देऊन त्याला सोडवले. कीर्तनात या ठिकाणी टाळ्या पडतात, आणि त्या पडायलाच हव्यात. पण खत जिजाईंच्या नावाचे होते, हेही आठवावे. घरातले कर्ज एकट्याचे कधीच नसते. कोणाच्या तरी नावावर, कोणाच्या तरी दागिन्यावर, कोणाच्या तरी झोपेवर ते बसलेले असते. जिजाईंना कजाग म्हणणाऱ्यांनी त्या खताचा विचार केला नाही.

आता मंगळवेढ्याला चला. दुष्काळात दामाजीपंतांनी बादशहाची धान्याची कोठारे गोरगरिबांसाठी खुली केली आणि बेदरहून त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सुटला. पांडुरंग विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला आणि त्याने धान्याची किंमत मोजून दिली. पैसे भरून तो तसाच परतला नाही. त्याने पावती मागून घेतली आणि ती दामाजीपंतांच्या पोथीत नेऊन ठेवली. जगाचा मालक, पण देणे फेडल्यावर त्यानेही पावती घेतली! नाथमहाराजांची कथा तर सर्वांना पाठ आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक होती आणि ती सापडेपर्यंत नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. आपल्या संतांनी हिशेबाला कधी तुच्छ लेखले नाही.

संतांच्या या व्यवहारामागे शास्त्राचाही आधार होता. स्मृतिग्रंथांच्या व्यवहार-प्रकरणात कर्जाचे नियम आहेत. मनूने ते सांगितले, याज्ञवल्क्याने सांगितले आणि विज्ञानेश्वरांच्या मिताक्षरेने त्यांचा विस्तार केला. त्यातला एक नियम मराठी माणसाच्या तोंडी "दामदुप्पट" म्हणून राहिला. रोख कर्जावर थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक मागता येत नाही. शंभर दिले तर व्याजासह दोनशेपर्यंत मागा, त्यापुढे नाही. आज दामदुप्पट म्हटले की लोकांना पैसे दुप्पट करून देणारी योजना आठवते. मूळ अर्थ नेमका उलटा आहे. सावकाराच्या व्याजाला घातलेला तो बांध होता. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानला.

मग शेतकरी कर्जात बुडाला कसा? हे समजण्यासाठी सुप्याला जावे लागते. तुकोबांची पालखी वरवंडहून पाटस मागे टाकून रोटी घाट चढते आणि उंडवडीला येते, त्या वाटेपासून सुपे फार दूर नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. दख्खनच्या कापसाला भाव आला आणि सावकार न मागता कर्ज देऊ लागले. 1865 मध्ये युद्ध संपले, भाव उतरला आणि कर्ज देणारा हात आखडला. त्याच सुमारास सरकारने नव्या आकारणीत सारा वाढवला, कोठे कोठे 50 ते 100 टक्के. सारा तर भरायचाच, आणि कर्ज मिळेना.

यात आणखी एक गाठ होती. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. सरकारचा हेतू कुळाचे भले करण्याचा होता. सावकाराने त्यातून वाट काढली. तीन वर्षे संपत आली की जुने व्याज मुद्दलात मिळवून तो नवे खत लिहून घेई. म्हणजे कालचे व्याज आज मुद्दल झाले आणि त्याच्यावर पुन्हा व्याज सुरू झाले. दामदुप्पटीचा बांध उभाच होता, पाणी बाजूने वाहून जात होते. कुळाला वाचता येत नसे. अंगठा कशावर उठवला हे त्याला ठाऊक नसे. भरलेल्या पैशांची पावती मिळत नसे. पुढे सरकारी आयोगाने तपासलेल्या एका प्रकरणात 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 रुपयांहून अधिक व्याज लावलेले आढळले.

12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात आजूबाजूच्या गावांचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांनी वह्या आणि खते मागितली आणि त्यांची होळी केली. पाहता पाहता हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. काही घरे आणि दुकाने लुटली-जाळलीही गेली, ते बरे झाले असे कोणी म्हणणार नाही. पण लोकांचा राग मुख्यतः कागदावर होता. ज्या सावकाराने मुकाट्याने कागद काढून दिले त्याला बहुधा हात लागला नाही. या दंग्यांची चौकशी करायला आयोग नेमला गेला आणि 1878 मध्ये त्याचा अहवाल विलायतेच्या पार्लमेंटपुढे गेला.

कागद जाळून ते शेतकरी ऋणमुक्त झाले का? नाही. कित्येकांना तुरुंग पाहावा लागला, आणि कर्जे काही राखेबरोबर उडाली नाहीत. मात्र त्या जाळामुळे सरकारचे लक्ष वेधले आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. कायद्याने न्यायाधीशाला सांगितले की खतावरचा आकडा पाहून थांबू नका. खताच्या मागे जा. पहिले कर्ज कधी घेतले, हाती किती आले, किती भरले, व्याज किती लावले, हे पहिल्या दिवसापासून उलगडा. मुद्दल वेगळे मांडा, व्याज वेगळे मांडा, आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ देऊ नका. कुळाला पावती द्या. देणे झेपेल अशा हप्त्यांत बांधून द्या. आणि केवळ कर्ज फिटले नाही म्हणून शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नका.

प्रार्थना समाजात तुकोबांच्या अभंगांवर प्रेमाने निरूपण करणारे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून दख्खनच्या जिल्ह्यांत फिरून काम केले. एका बाजूला ज्यांनी खते बुडवली त्यांचे अभंग, दुसऱ्या बाजूला तीच खते उघडून वाचण्याचे काम. मला यात विसंगती दिसत नाही. दोहोंच्या मुळाशी एकच करुणा आहे. ज्याच्या हाती सोडणे आहे त्याने सोडावे, आणि ज्याच्या हाती सोडणे नाही त्याच्यासाठी कोणीतरी शेजारी बसून कागद वाचावा.

कायद्याने सारे भले झाले असेही नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली आणि पुष्कळांची जमीन तशी गेली. 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, पुढेही ऋणनिवारणाचे कायदे झाले. त्या तपशिलात आज शिरत नाही. हाती ठेवायचे सूत्र एवढेच की जळालेल्या कागदाने कोणी सुटले नाही, वाचलेल्या कागदाने पुष्कळ सुटले.

आता आजच्या कार्डाकडे येऊ. कापसाच्या तेजीत सावकार न मागता कर्ज देई, तसे आज बँकेचे लोक फोन करून कार्ड देतात. कार्ड स्वतः वाईट नाही. महिन्याचे पूर्ण बिल मुदतीत भरले तर साधारण दीड महिन्यापर्यंत व्याज लागत नाही. अडचण बिलावरच्या एका छोट्या आकड्याने होते. त्याला मिनिमम ड्यू म्हणतात. तो बहुधा एकूण देण्याच्या 5 टक्क्यांच्या आसपास असतो. माणसाला वाटते, एवढे भरले की महिना निभावला. पण पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. रोख रक्कम काढली तर व्याज पहिल्या दिवसापासून असतेच. दर महिन्याला 3 ते 3.75 टक्के, म्हणजे वर्षाला 36 ते 45 टक्के, हा सध्या सर्वसाधारण दर. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी.

हिशेब मांडून पाहू. देणे 1,00,000 रुपये, व्याज महिना 3.5 टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज 3,500 आणि त्यावर कर 630, मिळून 4,130. देणे झाले 1,04,130. त्याचे 5 टक्के म्हणजे सुमारे 5,200 रुपये भरले. त्यातले मुद्दलाला लागले जेमतेम 1,075. असे वर्षभर दर महिन्याला 5 टक्केच भरत राहिले, एक रुपयाची नवी खरेदी केली नाही, तरी वर्षअखेर खिशातून सुमारे 59,000 गेलेले असतात आणि देणे उतरलेले असते फक्त 12,000. हेच देणे नवी खरेदी बंद करून दरमहा 10,000 रुपये भरून फेडले तर चौदाव्या हप्त्याला संपते. तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवणारा सुप्याचा सावकार आठवा. कार्डावर तेच काम दर महिन्याला होते.

दामदुप्पटीचा बांध येथे आहे का? नाही. बँकेने लावलेला व्याजदर जास्त आहे एवढ्या कारणाने न्यायालयाने तो व्यवहार पुन्हा उघडू नये, असे कलम 1984 पासून बँकिंग कायद्यात आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये कार्डावरचे वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. म्हणून कार्डाच्या ऋणकोला 1879 च्या शेतकऱ्यासारखा न्यायाधीश मिळेलच असे नाही. खताच्या मागे जाण्याचे काम त्याला आणि त्याच्या घरच्यांना स्वतः करावे लागते.

ते असे करावे. एखाद्या एकादशीला, फराळ झाल्यावर, सगळी बिले काढून घरच्यांच्या समोर ठेवावीत. वहीच्या एका पानावर प्रत्येक कार्डाचे देणे, व्याजाचा दर आणि भरण्याची तारीख लिहावी. कार्डे कपाटात बंद करावीत, म्हणजे नवे कर्ज थांबेल. गळकी घागर आधी लिंपावी, मग पाणी भरावे. सर्व कार्डांचे किमान देणे भरून उरलेला प्रत्येक रुपया सर्वात महाग व्याजाच्या कार्डावर टाकावा. ते संपले की पुढचे घ्यावे. बँकेत जाऊन देण्याचे हप्ते बांधून मागावेत. कमी व्याजाचे दुसरे कर्ज मिळत असेल, घरातले सोने तारण ठेवून मिळत असेल, तर महाग कर्ज त्यात फेडून टाकावे. पण मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्यांच्या आणि गल्लीतल्या खासगी सावकाराच्या दारात जाऊ नये. ती आगीतून फुफाट्यात उडी होते.

बँक काही रक्कम सोडून तडजोड करायला तयार होते, त्याला सेटलमेंट म्हणतात. ते करावे लागले तर करावे, पण पतनोंदीत ते "पूर्ण फेडले" असे लिहिले जात नाही आणि पुढे कर्ज मिळणे अवघड होते, हे जाणून करावे. जे ठरेल ते लेखी घ्यावे. देणे संपल्यावर काही बाकी नाही असे पत्र मागून घ्यावे. दामाजीपंतांची पावती आठवावी.

वसुलीच्या फोनला भिऊन जीव टाकू नये. वसुलीवाल्याने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर फोन करू नये, शिवीगाळ किंवा धमकी देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मोडला तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. कार्डाचे बिल थकले एवढ्याने कोणी तुरुंगात जात नाही, तो दिवाणी व्यवहार आहे. दिलेला धनादेश परत गेला तर मात्र प्रकरण वेगळे होते, म्हणून खात्यात पैसे नसताना धनादेश देऊ नये.

हे सारे पैशाचे झाले. याहून अवघड गाठ लाजेची आहे. सुप्याच्या शेतकऱ्याला कागद वाचता येत नव्हता. आजच्या मुलाला वाचता येतो, पण तो उघडत नाही. बिलाचा संदेश न पाहताच पुसून टाकतो. आईला कळेल, बायकोला कळेल, गावात बोभाटा होईल, या भीतीने तो एकटा पडतो. एकट्या पडलेल्या माणसाच्या मनात कधी कधी जीव नकोसा करणारे विचार येतात. म्हणून माझे हे लिहिणे ऋणकोपेक्षाही घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी आहे. मुलगा गप्प झाला, फोन घेऊन बाहेर जाऊ लागला, तर "काय उधळपट्टी केलीस?" असे विचारू नका. "किती आहे? ये, मिळून लिहून काढू," असे म्हणा. कर्ज होणे हे पाप नाही. दुष्काळात तुकोबांच्या घरीही दिवाळे वाजले, म्हणून कोणी त्यांना लहान मानले नाही.

आणि त्या मुलालाही सांगतो. बाळा, नामस्मरण कर, वारीला ये, पण देणे चुकवायला वारी नको आणि कर्ज काढून तर मुळीच नको. पांडुरंग तुझ्या ऐपतीने केलेली वारीही मोजून घेतो. बिल उघडून बसताना हात कापला तर तोंडाने नाम घे आणि हाताने आकडे लिही. आपल्या वाट्याची खते बुडवायला इंद्रायणीकाठी जाण्याचा अधिकार तुला देणे फिटल्यावर, कोणाकडून काही येणे झाले तरच मिळेल. तेव्हा एखाद्या गरिबाचा कागद सोडून दे, म्हणजे तुकोबांची कथा तुझ्यापुरती पूर्ण होईल. आज त्या कथेतले तुझे काम कागद कोरडा ठेवून नीट वाचण्याचे आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.